'अँटिव्हायरस कुठला टाकू?' या प्रश्नाच्या आधीचे प्रश्न

पुण्यातल्या प्रत्येक घराच्या गोतावळ्यात एक जण तरी हिंजवडीला किंवा खराडीला 'कंप्युटरमध्ये' असतो. तो तिथे नेमकं काय करतो याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता त्याला एक प्रश्न हमखास येतो : "अरे, घरच्या लॅपटॉपला अँटिव्हायरस कुठला टाकू?"

थेट उत्तर आधी देतो. विंडोज १० किंवा ११ असेल, तर बहुतेक घरांना वेगळं काही टाकायची गरज नाही. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर विंडोजसोबतच येतो, फुकट असतो आणि चांगला आहे. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ज या संस्था अशा सॉफ्टवेअरच्या नियमित चाचण्या घेतात. त्यांचे निकाल कुणालाही बघता येतात, आणि डिफेंडर तिथे बरीच वर्षं विकतच्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या बरोबरीने उभा आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी तो खरोखर यथातथाच होता. 'विंडोजचं फुकटातलं काही कामाचं नसतं' हा समज तेव्हाचा आहे.

पण हे उत्तर ऐकून लोकांचं समाधान होत नाही. विकत घेतलेल्या डब्याला वजन असतं. शिवाय पुण्यात या डब्याचा इतिहासही घरचाच आहे. कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि कंप्युटर दुरुस्त करायचे, त्यांचे भाऊ संजय यांनी त्या मशिनांमधले व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि १९९५च्या सुमारास त्यातून क्विक हील उभं राहिलं. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. जुन्या मंडळींना त्याआधीचा जोशी व्हायरसही आठवत असेल. १९९० मध्ये भारतात सापडलेला हा व्हायरस फ्लॉपीवरून पसरायचा आणि दर ५ जानेवारीला कंप्युटर अडवून बसायचा. 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप केलं की बिचारा सोडून द्यायचा. इतका सोज्वळ व्हायरस पुन्हा झाला नाही.

पैसे देऊन अँटिव्हायरस घ्यावाच का, तर घ्यायला हरकत नाही. अडचण आली की फोनवर मराठी-हिंदीत बोलणारं माणूस हवं असेल, मुलांच्या वेळेवर आणि साइट्सवर नजर ठेवायची असेल, घरून सीएची प्रॅक्टिस चालत असेल आणि अशिलांची कागदपत्रं मशिनवर असतील, तर वर्षाची ती रक्कम वाया जात नाही. फक्त एकावेळी एकच. दोन अँटिव्हायरस एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि मशिन रांगायला लागतं. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या ट्रायलची मुदत संपली असेल, तर तो काढून टाका, डिफेंडर आपोआप जागा होतो. फुकटातल्या अँटिव्हायरसच्या बाबतीत मात्र मी जरा खडूस आहे. असाच फुकटात मिळणाऱ्या अव्हास्टने वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती गोळा करून विकल्याबद्दल एफटीसी या अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने २०२४ मध्ये कंपनीकडून १ कोटी ६५ लाख डॉलर भरून घ्यायचं ठरवलं. डिफेंडर हाताशी असताना हा धोका कशाला पत्करायचा?

अँटिव्हायरसचं प्रकरण खरं तर इथे संपतं. कारण घरातल्या कंप्युटरमध्ये मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, शिरतो तो बहुतेक वेळा अँटिव्हायरस कमी पडला म्हणून नाही, तर घरातल्याच कुणीतरी त्याला परवानगी दिली म्हणून.

हे जरा उलगडून सांगतो. अँटिव्हायरस तीन तऱ्हांनी काम करतो. एक, आधी सापडलेल्या घातक फाइलींची यादी त्याच्याकडे असते, ती तो ताडून बघतो. दोन, एखादा प्रोग्रॅम काय करतोय यावर नजर ठेवतो. अनोळखी प्रोग्रॅमने अचानक शेकडो फोटो एकामागोमाग नव्याने लिहायला घेतले, तर तो त्याला थांबवतो. तीन, नवी फाइल दिसली की कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, ही जगात आणखी कुठे दिसली आहे का. या तिन्हींना एकच मोठी मर्यादा आहे : मशिनचा मालक 'चालव' म्हणाला की त्यांचं फारसं चालत नाही. सोसायटीचा वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो, फ्लॅटवर फोन करून विचारतो. पण तुम्हीच इंटरकॉमवर 'सोड रे, आपलाच माणूस आहे' म्हणालात, तर तो कुणाला अडवणार?

हे 'सोड रे' सगळ्यात जास्त कुठे होतं, तर क्रॅक केलेल्या, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून चालवलेल्या, सॉफ्टवेअरपाशी.

आपल्याकडे असेम्बल केलेला पीसी घेतला की त्यात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरलड्रॉ सगळं 'टाकून' मिळतं. वेगळे पैसे नाहीत, बिलावर उल्लेख नाही. विंडोज खोटंखोटं ॲक्टिव्हेट करणारे जे प्रोग्रॅम असतात, त्यांच्या सूचनांमधलं पहिलं वाक्यच असतं : 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' टाकून देणारा माणूस ते करतो, आणि पुन्हा कटकट नको म्हणून डिफेंडरला कायमचं सांगून ठेवतो की अमुक फोल्डरकडे बघायचंच नाही.

तुमच्या मशिनवर असं झालंय का, हे लगेच बघता येतं. स्टार्टवर क्लिक करून 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, तिथे 'मॅनेज सेटिंग्ज'. खाली सरकत गेलात की तळाकडे 'एक्सक्लूजन्स' दिसेल. त्याची यादी उघडा. घरच्या मशिनवर ती रिकामी असायला हवी. तिथे डाउनलोड्सचं फोल्डर दिसलं, किंवा अख्खा सी ड्राइव्ह दिसला, तर याचा अर्थ डिफेंडर सुरू आहे, हिरवी बरोबरची खूणही दाखवतोय आणि तरी काहीही बघत नाहीये. त्या ओळी काढून टाका आणि 'फुल स्कॅन' लावा. मोठी हार्ड डिस्क असेल तर त्याला काही तास लागतील, रात्री लावून झोपा.

क्रॅकमधून येणारं काय असतं? काही वर्षं घरगुती वापरणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळलं ते स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या मालवेअरने, आणि ते मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच (सॉफ्टवेअरची खोटी की बनवून देणाऱ्या प्रोग्रॅममधूनच) पसरलं. फोटो, वर्डच्या फाइली, टॅलीचा डेटा सगळं कुलूपबंद. प्रत्येक फाइलीच्या नावापुढे अगम्य चार अक्षरं. सोबत एक चिठ्ठी : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्मे. फोटोशॉपचे पैसे वाचवायला गेलेल्या माणसाचे मुंजीपासूनचे फोटो गेले.

आता तर प्रकार याहून शांत झालाय. 'इन्फोस्टीलर' म्हणतात तो मालवेअर चिठ्ठी ठेवत नाही, मशिन हळू करत नाही, काही दाखवत नाही. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड उचलतो, त्यासोबत 'कुकीज' उचलतो आणि काही मिनिटांत काम आटोपतो. कुकी म्हणजे तुम्ही एकदा लॉगिन केलंत की साइटने दिलेला 'हा आत आलेला आहे' असा पास. तो चोराच्या हाती लागला की त्याला तुमचा पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण साइटच्या लेखी तो आत आलेलाच असतो. 'माझ्या जीमेलला ओटीपी आहे, मला काय होतंय' असं म्हणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं. ल्युमा नावाच्या अशाच एका मालवेअरवर मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये कारवाई केली, तेव्हा आधीच्या फक्त दोन महिन्यांत लागण झालेले सुमारे ३ लाख ९४ हजार विंडोज कंप्युटर त्यांना सापडले होते.

घरात शाळकरी मूल असेल तर क्रॅक फोटोशॉपपेक्षा गेमची काळजी जास्त करा. 'फ्री स्किन', 'चीट', 'मॉड' अशा नावांचे यूट्यूब व्हिडिओ, त्याखाली लिंक, आणि पुन्हा तीच सूचना : अँटिव्हायरस बंद कर. मुलाला ओरडून उपयोग नाही, त्याला वेगळं अकाउंट काढून द्या. विंडोजमध्ये अकाउंट दोन प्रकारची असतात, 'ॲडमिनिस्ट्रेटर' आणि 'स्टँडर्ड'. स्टँडर्ड अकाउंटवरून डिफेंडर बंद करायचा किंवा सगळ्या मशिनवर काही बसवायचं म्हटलं की ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. तो पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. खरं म्हणजे तुमचं स्वतःचं रोजचं अकाउंटही स्टँडर्डच असावं. कुणी करत नाही, पण असावं.

क्रॅकला पर्याय काय, तर फुकट आणि सरळ मार्गाने मिळणारं पुष्कळ आहे. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस, फोटोच्या कामाला गिम्प, चित्रांना इंकस्केप, पानं लावायला स्क्रायबस. मराठी टायपिंगसाठी कुठून तरी फॉन्टचा 'पॅक' उतरवण्याचीही गरज नाही, कारण मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फक्त निवडायचा. डीटीपीवाल्यांना हे सगळं सांगितलं की ते हसतात, आणि त्यांची अडचण खरीही आहे, छापखान्याला कोरलचीच फाइल लागते. त्यांनी निदान क्रॅकवालं मशिन आणि बँकेचं मशिन एक ठेवू नये.

सॉफ्टवेअर उतरवताना गूगलमध्ये नाव टाकून पहिल्या लिंकवर क्लिक करायची सवय मोडा. पहिली लिंक बऱ्याचदा जाहिरात असते आणि व्हीएलसीसारख्या साध्या प्रोग्रॅमच्याही नकली जाहिराती लावल्या जातात. डिसेंबर २०२२ मध्ये एफबीआयने यावरून इशारा दिला होता आणि जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, वापरायचा सल्लाही दिला होता. फायरफॉक्सवर युब्लॉक ओरिजिन हे तसलं एक्स्टेन्शन टाका. क्रोमवर आता त्याची 'लाइट' आवृत्ती चालते. माझ्या मते घरच्या मशिनवर एकच गोष्ट बसवायची झाली तर ही बसवावी, विकतच्या अँटिव्हायरसच्याही आधी.

ज्येष्ठ मंडळींच्या कंप्युटरवर एक वेगळाच प्रकार दिसतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली दर पाच मिनिटांनी चौकोन उगवतो. लाल रंग, नावाजलेल्या अँटिव्हायरसचं चिन्ह, 'तुमच्या पीसीमध्ये ५ व्हायरस सापडले, आत्ता काढा.' आजोबा घाबरतात, मुलाला अमेरिकेत फोन लावतात. तो चौकोन जरा निरखून बघा. त्यात बारीक अक्षरांत क्रोमचं नाव आणि एक विचित्र साइटचा पत्ता लिहिलेला असतो. म्हणजे हा व्हायरस नाही आणि अँटिव्हायरसही नाही. कधीतरी पंचांग किंवा क्रिकेटचा स्कोअर बघताना एका साइटने 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा' असं सांगितलं होतं आणि ते दाबलं गेलं. त्या एका क्लिकने साइटला सूचना पाठवायची मुभा मिळाली. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथे 'साइट सेटिंग्ज', तिथे 'नोटिफिकेशन्स'. यादीतल्या अनोळखी साइट काढून टाका, चौकोन थांबतो. मात्र कुणी त्या चौकोनावर क्लिक करून काही उतरवलं असेल किंवा दिलेल्या नंबरवर फोन केला असेल, तर गोष्ट तेवढ्यावर थांबलेली नसते.

याच 'रोबो नाही हे सिद्ध करा'चा आणखी वाईट अवतार गेल्या दोन वर्षांत आलाय. पान सांगतं : विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तीन बटणं, निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्षात त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने कंप्युटरला देता. जगातली कुठलीही खरी साइट हे करायला सांगत नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ करून ठेवा.

आणि ते विजेचं. 'मागील बिल न भरल्याने आज रात्री ९.३० वाजता आपली वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा.' महावितरणच्या नावाने असे मेसेज घराघरांत आले. फोनवरचा 'अधिकारी' एनीडेस्क किंवा तसलंच दुरून कंप्युटर चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. इथे कुठलाही अँटिव्हायरस ओरडत नाही, कारण ते सॉफ्टवेअर खरं, कायदेशीर, कंपन्यांमध्ये रोज वापरलं जाणारं आहे. चोर फक्त समोरचा माणूस असतो.

पेनड्राइव्हचा त्रास कमी झालाय, पण कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत अजून जिवंत आहे. प्रिंट काढून घरी यावं तर पेनड्राइव्हमधली फोल्डर गायब आणि त्याच नावांचे शॉर्टकट, डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असलेले. त्यावर डबल-क्लिक केलं की फोल्डर उघडतंही, म्हणून संशय येत नाही. त्याच क्लिकमध्ये एक लपलेला प्रोग्रॅमही चालू झालेला असतो. अशा वेळी घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, बहुतेक वेळा मूळ फाइली तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. डिफेंडरने पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग लपलेल्या फाइली दाखवणारं सेटिंग चालू करून त्या काढून घ्या. पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकने पेनड्राइव्हवर लगाम ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध' बनवलंय. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर ते फुकट मिळतं, सोबत मशिन साफ करणारी साधनंही. त्याच ओघात फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करून टाका. विंडोज फाइलीच्या नावाची शेपटी लपवतं, त्यामुळे 'लाइटबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल नुसती 'लाइटबिल डॉट पीडीएफ' अशी दिसते.

अपडेटचं महत्त्व पटवायला एक उदाहरण पुरे. ज्या फटीतून वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने शिरकाव केला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिलं होतं. वॉनाक्राय आला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी 'नंतर आठवण करा' दाबलं, त्यांच्यापैकी अनेकांच्या फाइली गेल्या, ब्रिटनमधल्या रुग्णालयांसकट. कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८चा हल्ला आठवून पुणेकर म्हणतात, ९४ कोटी गेले, बँकेचं वाचलं नाही तिथे आपलं काय? पण तो हल्ला एका बँकेवर ठरवून, तयारीने केलेला होता. तुमच्या मशिनवर कुणी असं डोळा ठेवून बसलेलं नसतं. जे मशिन उघडं सापडेल ते घ्यायचं, एवढाच तिथला हिशोब, आणि त्यातून निसटायला रोजचं अपडेट बऱ्याचदा पुरतं.

विंडोज १० वाल्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. त्याची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेपुरती मुदतवाढ मिळते. विंडोज अपडेटच्या पानावर तिची नोंदणी करायची असते. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला सेटिंग्जचा बॅकअप जोडला तर पैसे पडत नाहीत. विंडोज ११ ला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तेव्हा जुना लॅपटॉप कुणी स्वस्तात देत असेल तर आधी ते विचारा. त्याहून जुनं मशिन भंगारात घालण्याऐवजी त्यावर विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाका. मेल, यूट्यूब आणि पत्र टाइप करण्यापुरतं ते उत्तम चालतं.

बॅकअपशिवाय बाकी सगळं अर्धवट आहे. बाहेरची एक हार्ड डिस्क घ्या, फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर उतरवा आणि काम झालं की वायर काढून ती कपाटात ठेवा. वायर काढणं महत्त्वाचं, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हला कुलूप लावतं. दर महिन्याला आठवण कशी राहणार असं म्हणाल, तर संकष्टीला करा, कॅलेंडरवर ती छापलेलीच असते. आणि मधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून बघा. कित्येकांचा बॅकअप फक्त फोल्डरच्या नावापुरता असतो.

एवढं करूनही काही शिरलंच, तर आधी वायफाय बंद करा. 'विंडोज सिक्युरिटी'त डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन आहे, ते लावा. मशिन रीस्टार्ट होऊन विंडोज उघडायच्या आधी तपासणी होते, लपून बसणारे प्रकार त्यात सापडतात. पासवर्ड बदलायचे ते त्या मशिनवरून नाही, फोनवरून, आणि बदलताना 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' हेही करायचं, म्हणजे चोरलेली कुकी निकामी होते. सुरुवात मेलपासून करा, कारण बाकीच्या बहुतेक अकाउंटचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. फाइलींना कुलूप लागलं असेल तर खंडणी देण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर बघा. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या साइटवर बऱ्याच रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. कुलूप लागलेल्या फाइली पुसू नका, आज किल्ली नसली तरी पुढे सापडू शकते.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा, मग बँकेला. व्यवहाराचा नंबर, वेळ आणि रक्कम समोर लिहून ठेवा, पहिल्यांदा तेच विचारतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जायच्या आत तक्रार पोचली तर मधल्या खात्यात ते गोठवता येतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मुलगा येईपर्यंत थांबायचं नाही.